लहान कुत्र्यांच्या तोंडाची दुर्गंधी व दांतांची निगा

राखणीचें कुत्रें शेतकऱ्याच्या दारीं पूर्वापार आहे. खळ्यावर भाताच्या राशीजवळ, गोठ्याच्या तोंडाशीं किंवा आंबराईंत तें पडून असतें. त्याच्या तोंडास वास येतो कीं नाहीं याची चौकशी आजवर कोणीं केली नाहीं, व करण्याचें कारणहि पडलें नाहीं. तें अंगणांत आणि आपण ओटीवर. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भिवपुरीच्या बाजूस, व एकंदर कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत, निराळ्याच जातीचें कुत्रें वस्तीस आलें आहे. पूर्वीं भिवपुरी म्हणजे टाटांचें वीजघर, एवढीच बाहेरच्या मनुष्यास या गांवाची ओळख असे. ठोकरवाडीच्या धरणाचें पाणी घाटावरून खालीं आणून त्यावर वीज करण्याचें हें काम १९२२ सालीं सुरू झालें. आतां त्याच डोंगराच्या पायथ्याशीं व उल्हास नदीच्या बाजूस मुंबईकरांचे बंगले झाले आहेत, आणि बंगल्यांबरोबर पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड, ल्हासा, शिट्झू अशा नांवांचीं, तीन किलोपासून दहा-बारा किलोपर्यंत वजनाचीं कुत्रीं आलीं आहेत. (आपल्याकडे ज्यास पॉमेरेनियन म्हणतात तें बहुधा भारतीय स्पिट्झ असतें, पण तो वाद येथें नको.) मालक शनिवारीं-रविवारीं येतात, मधले पांच दिवस कुत्र्यास सांभाळणारा मनुष्य आपल्याच गांवचा असतो. शिवाय मुलांच्या हट्टापायीं आपल्यापैकीं कित्येक खातेदारांनीं स्वतःच्या घरींहि असें एखादें कुत्रें आणलें आहे.

हें कुत्रें घरांत वावरतें, खाटेवर निजतें, मुलांचें तोंड चाटतें. त्यामुळें त्याच्या तोंडाचा वास लपून राहत नाहीं. वर्ष-दोन वर्षें गेलीं कीं घरांतील मंडळी नाकाला पदर लावूं लागतात, आणि मग दोन उत्तरें ऐकूं येतात. एक म्हणतो, "कुत्र्याचें तोंड, वास यावयाचाच." दुसरा म्हणतो, "सुकट खाल्ली असेल." या दोन उत्तरांनीं पुष्कळ कुत्र्यांचे दांत घालविले आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडास कुत्र्याचा म्हणून थोडा दर्प असतो, हें खरें. परंतु सडका, नकोसा वास हा त्याचा स्वभाव नव्हे. तो रोगाचा वास आहे, आणि तो रोग बहुतेक वेळां दांत व हिरडी यांच्या सांध्यांत असतो.

बाजारांत बैल घेतांना आपण पहिल्यानें काय करतों? ओठ वर करून दांत पाहतों. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला, असा त्याच्या वयाचा निवाडा दोन पळांत होतो. आमचा उभा जन्म महसूल खात्यांत कागद चाळण्यांत गेला. त्या अनुभवावरून आम्ही सांगूं शकतों कीं, कागदावर लिहिलेलें वय पुष्कळदां खोटें निघतें, दांतांवर लिहिलेलें सहसा निघत नाहीं. इतकें दंतज्ञान अंगीं असलेला शेतकरी घरांतील कुत्र्याचा ओठ मात्र कधीं वर करून पाहत नाहीं, हें आश्चर्य आहे. तेव्हां प्रथम त्याच्या तोंडांत काय असतें तें पाहूं.

बैलास एकंदर ३२ दांत असतात व वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतातच. कुत्र्यास ४२ असतात. वर २० व खालीं २२. पिल्लाचे दुधाचे दांत २८. ते तिसऱ्या आठवड्यापासून दिसूं लागतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास पडूं लागतात, आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे सर्व दांत येऊन जातात. आतां मौज अशी कीं, तीस किलोच्या राखणीच्या कुत्र्यास ४२ दांत आणि चार किलोच्या शिट्झूसहि ४२च. घर आखूड झालें, पण माणसें तितकींच राहिलीं. मग दांत एकमेकांस खेटतात, कांहीं तिरपे उगवतात, आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत तर दाढा आडव्या फिरून बसतात. अशा दाटींत अन्न व मळ अडकून राहतो, जिभेनें किंवा चावण्यानें तो निघत नाहीं. लहान कुत्र्याचें तोंड मोठ्याच्या आधीं व मोठ्यापेक्षां अधिक बिघडतें याचें मुख्य कारण हेंच.

त्यांत दुधाच्या दांतांचा एक निराळा घोटाळा असतो. लहान जातींत कायमचा सुळा येतो तरी दुधाचा सुळा हटत नाहीं, व एकाच जागीं जाड आणि बारीक असे दोन सुळे शेजारीं शेजारीं दिसतात. सातव्या महिन्यास पिल्लाचें तोंड उघडून हें अवश्य पाहावें. दोन सुळे दिसले तर दुधाचा सुळा पशुवैद्याकडून काढवून घ्यावा. घरीं पक्कडीनें ओढूं नये. त्याचें मूळ लांब व नाजूक असतें, तें आंत मोडून राहतें.

वास कसा उत्पन्न होतो तें आतां सांगतों. दांत कितीहि स्वच्छ असला तरी कांहीं तासांत त्यावर लाळेचा व जंतूंचा एक पातळ, चिकट साका बसतो. हा साका बोटाला लागतो, फडक्यानें पुसला जातो. पण तो तसाच राहिला तर दोन-तीन दिवसांत लाळेंतील क्षार त्यांत मुरतात व तो दगडासारखा घट्ट होतो. यास कीटण म्हणतात. आंघोळीच्या बंबांत आंतून क्षाराचा थर चढतो, तोच प्रकार. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षां अधिक क्षारधर्मी असते. त्यामुळें एक लाभ होतो व एक हानि. लाभ हा कीं, माणसाच्या दाढेस जशी कीड लागते तशी कुत्र्याच्या दाढेस सहसा लागत नाहीं. हानि ही कीं, कीटण झपाट्यानें चढतें. म्हणजे कुत्र्याचा दांत वरून पोखरत नाहीं. मुळाशीं सैल होऊन जातो.

कीटणाचा खरबरीत कंगोरा हिरडीस घासतो, हिरडी सुजते व दांतापासून सुटते. मध्यें जी फट पडते तिच्यांत हवा पोंचत नाहीं. हवेवांचून जगणारे जंतु तेथें वाढतात व अन्नाचे, रक्ताचे व मेलेल्या पेशींचे कण कुजवून गंधकयुक्त वायु सोडतात. नासक्या अंड्यासारखा जो वास आपणांस येतो तो या वायूंचा. तेव्हां "पोट बिघडलें आहे" म्हणून कुत्र्यास जुलाबाचें औषध देणें व्यर्थ आहे. वास बहुधा पोटांतून येत नाहीं, हिरडीखालून येतो.

या रोगाची पहिली पायरी म्हणजे दांताच्या कडेनें हिरडीवर उमटलेली लाल रेघ. या वेळीं कीटण काढून पुढें रोज निगा राखली तर हिरडी पूर्ववत् होते. रोग त्यापुढें सरकून दांतास धरून ठेवणारें जबड्याचें हाड झिजूं लागलें म्हणजे गेलेलें हाड आपोआप परत येत नाहीं. उपचारानें झीज थांबवितां येते, इतकेंच. बांध फुटण्याआधीं भर घालणें आणि माती वाहून गेल्यावर दगड रचणें, यांत जो भेद आहे तोच येथें आहे. तिसरें वर्ष ओलांडलेल्या बहुतेक कुत्र्यांत हा रोग कमी-अधिक सुरू झालेला असतो, व लहान जातींत तो त्याहूनहि लवकर दिसतो.

हाड झिजण्याचा परिणाम लहान कुत्र्यांत भयंकर होतो. त्यांच्या खालच्या जबड्यांतील मोठ्या दाढेचीं मुळें जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोंचलेलीं असतात. सभोंवतीं हाड मुळांतच थोडें. तें झिजलें म्हणजे खाटेवरून उडी मारतांना किंवा दुसऱ्या कुत्र्याशीं झोंबतांना जबडा मोडतो. वरच्या सुळ्याचें मूळ नाकाच्या पोकळीलगत असतें. तेथील पातळ हाड गेलें कीं तोंड व नाक यांमध्यें भोंक पडतें, आणि कुत्रें खातां-पितां शिंकूं लागतें, एका नाकपुडींतून पू किंवा रक्त येतें. डॅशहुंडमध्यें हें विशेष आढळतें. तिसरा प्रकार वरच्या मोठ्या दाढेचा. तिच्या मुळाशीं पू झाला म्हणजे तो डोळ्याखालीं गालावर गळूच्या रूपानें बाहेर पडतो. आमच्या पाहण्यांतील एका घरीं पांढऱ्या कुत्रीच्या डोळ्याखालीं असें गळूं झालें होतें. तें फुटे, हळद व तेल लावून बरें होई, आणि महिन्या-दीड महिन्यानें पुन्हां येई. पावसाळा गेला, हिवाळा गेला. शेवटीं पशुवैद्यानें तोंड उघडून पाहिलें तों वरची दाढ चिरलेली निघाली. दाढ काढली, गळूं पुन्हां आलें नाहीं. ती दाढ कशानें चिरली, तें पुढें हाडांच्या प्रकरणांत येईल.

"खातें आहे ना, मग दांत कसा दुखत असेल?" असा प्रश्न हटकून विचारला जातो. कुत्रें दुखणें लपवितें. भूक मोठी असते, म्हणून तें खात राहतें. लक्ष ठेवलें तर निराळ्या खुणा दिसतात. तें एकाच बाजूनें चावतें, घास न चावतां गिळतें, तोंडांतून तुकडा पाडतें, पंजानें तोंड घासतें, लाळ गाळतें, थुंकींत रक्ताची तार दिसते, आणि पूर्वीं डोक्यावरून हात फिरवूं देणारें कुत्रें आतां तोंडाजवळ हात नेतांच गुरकावतें. असें कुत्रें "चिडखोर झालें" म्हणून बांधून ठेवलेलें आम्ही पाहिलें आहे. चिडण्याचें कारण तोंडांत होतें.

दुर्गंधीचीं सर्वच कारणें मात्र दांतांचीं नसतात. सुकट, बोंबील किंवा मासळीचें पाणी पोटांत गेलें असेल तर तो वास कांहीं तासांत जातो. दुसऱ्या दिवशींहि टिकून राहिला तर दोष सुकटीवर ढकलूं नये. कांहीं कुत्रीं शेण किंवा विष्ठा खातात. त्यांचा वास कसा असावयाचा तें सांगणें नको. ओठांच्या घड्या ज्यांच्या लोंबत्या, त्यांच्या घडींत लाळ साचून कातडी कुजते. मधुमेह विकोपास गेलेल्या कुत्र्याच्या श्वासास गोडसर, पिकल्या फळासारखा वास येतो. मूत्रपिंड निकामी होऊं लागलें म्हणजे मुताऱ्याजवळ येतो तसा उग्र वास येतो, तोंडांत चट्टे पडतात, कुत्रें पाणी फार पितें, अन्न सोडतें.

या शेवटच्या प्रकाराकडे भातशेती करणाऱ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. आमच्या भागांत आषाढ-श्रावणांत खाचरें पाण्यानें भरलेलीं असतात, व उंदीर-घुशींचें मूत्र त्या पाण्यांत मिसळतें. त्यांतूनच लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर माणसांस व कुत्र्यांस होतो. कुत्र्यास तो झाला कीं मूत्रपिंड व यकृत बिघडतें, ओकाऱ्या होतात, हिरड्या व डोळे पिवळे दिसतात, तोंडास घाण येते. अशा कुत्र्याच्या मुतांतून तो रोग घरांतील माणसांस होऊं शकतो. म्हणून पावसाळ्यांत ताप, ओकारी व तोंडाची दुर्गंधी या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर दांत पाहत बसूं नये. कुत्र्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें, त्याचें मूत्र उघड्या हातांनीं साफ करूं नये, आणि घरांतील कोणास ताप आला तर डॉक्टरास कुत्र्याच्या आजाराची हकीकत सांगावी. या रोगाची लस कुत्र्यांसाठीं मिळते. गोचीड-तापाचेंहि येथें स्मरण ठेवावें: हिरड्या पांढुरक्या पडल्या, किंवा दांत सुस्थितींत असूनहि हिरड्यांतून वा नाकांतून रक्त येऊं लागलें, तर अंगावर गोचीड पाहावी व रक्त तपासून घ्यावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी हातीं घेतली ती. कुत्र्याचा जबडा लोंबत आहे, तोंडांतून लाळ वाहते आहे, त्यास गिळतां येत नाहीं, आवाज बदलला आहे, असें दिसलें म्हणजे घरांतील मनुष्य म्हणतो, "घशांत हाड अडकलें," आणि बिनदिक्कत तोंडांत बोटें घालतो. हाड अडकतें, नाहीं असें नाहीं. टाळ्यास आडवें बसलेलें हाड किंवा काडी यामुळें कुत्रें पंजानें तोंड ओरबाडतें. परंतु लोंबता जबडा, लाळ व गिळण्याची अशक्तता हींच पिसाळण्याच्या रोगाचीं, म्हणजे रेबीजचीं, लक्षणें आहेत. या रोगांत प्रत्येक कुत्रें चावत सुटतें असें नाहीं. कांहीं शांत पडून राहतात, कोपऱ्यांत अंधार शोधतात, आणि तेंच अधिक फसवें असतें. रोगाचें विष लाळेंत असतें. बोटावर कोयत्याचा एखादा ताजा ओरखडा असला तर चावा घेण्याचीहि जरुरी नाहीं. म्हणून लस न दिलेल्या, किंवा लसीची खात्री नसलेल्या कुत्र्याच्या तोंडांत अशा वेळीं हात घालूं नये. त्यास खोलींत कोंडून पशुवैद्यास बोलवावें. हात घातला गेलाच असेल, किंवा लाळ जखमेवर, डोळ्यांत वा तोंडांत गेली असेल, तर ती जागा धुण्यांत पंधरा मिनिटें घालवावीं. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें धुवावी, डोळा किंवा तोंड नुसत्या स्वच्छ पाण्यानें. तिखट, चुना, हळद कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा घ्याव्या. दोन मात्रांनंतर बरें वाटतें म्हणून थांबूं नये, कारण तेथें बरें वाटण्याचा प्रश्नच नसतो. लक्षणें उमटल्यावर या रोगांतून मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. कुत्र्यास तिसऱ्या महिन्यास लस द्यावी व पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती चालू ठेवावी. ज्या कुत्र्याची लस चालू नाहीं त्याचे दांत घांसण्याच्या भानगडींत पडूंच नये. आधीं लस, मग दांत.

हें झाल्यावर रोजची निगा सोपी आहे. साका दोन-तीन दिवसांत दगड होतो, म्हणून तो रोज पुसला पाहिजे. आठवड्यांतून एकदां घांसणें म्हणजे पीक गेल्यावर निंदणी करण्यासारखें आहे. लहान मुलाचा अगदीं मऊ ब्रश, किंवा बोटाला गुंडाळलेलें स्वच्छ सुती फडकें पुरे. पहिले चार दिवस नुसता ओठावरून हात फिरवावा व आवडीचा घास द्यावा. पुढचे चार दिवस ओठ वर करून बोट दांतांवरून न्यावें. नंतर ओलें फडकें, आणि शेवटीं ब्रश. ही शिकवण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लास फार लवकर लागते. मोठ्या कुत्र्यास महिना जातो, पण लागते. त्याचें तोंड फाडून उघडण्याची गरज नाहीं. तोंड मिटलेलें ठेवून गालाच्या बाजूचा ओठ तेवढा उचलावा, आणि ब्रशचे केस तिरपे, दांत व हिरडी मिळतात त्या रेघेवर धरून हळूहळू फिरवावे. बाहेरची बाजू महत्त्वाची. आंतली जीभ पुष्कळशी साफ ठेवते. वरचे सुळे व मागच्या दाढा विसरूं नयेत, कारण कीटण तेथें सर्वांत अधिक चढतें. मिनिट-दीड मिनिटाचें काम आहे. संध्याकाळीं दूध काढून झालें कीं तें उरकावें. हिरड्या आधींच लाल व दुखऱ्या असतील तर मात्र ब्रश लावूं नये, पहिल्यानें पशुवैद्य. दुखणाऱ्या जागीं एकदां घांसलें कीं तें कुत्रें जन्मभर तोंडास हात लावूं देत नाहीं.

ब्रशवर काय घ्यावें? कुत्र्यांसाठीं म्हणून निराळी पेस्ट मिळते, ती उत्तम. न मिळाल्यास नुसतें पाणी चालतें. खरें काम घांसण्यानें होतें, पेस्टनें नव्हे. माणसांची पेस्ट लावूं नये. माणूस ती थुंकतो, कुत्रें गिळतें, आणि तींतील फेस व फ्लोराइड त्याच्या पोटांत जातें. शिवाय कांहीं पेस्टींत व बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल नांवाचा गोड पदार्थ असतो. तो कुत्र्यास विष आहे, थोड्या प्रमाणांतहि रक्तांतील साखर एकदम उतरून तें बेशुद्ध पडतें. राखुंडी, कोळशाची पूड, मिश्री हीं दांतांवरील कवच खरवडतात, आणि मिश्रींत तंबाखू असते. लवंगेचें तेल हिरडीस भाजतें. दुर्गंधीवर लसूण देण्याचा उपाय कोणी सांगतात. कांदा व लसूण दोन्ही कुत्र्याचें रक्त बिघडवितात. कडुलिंबाची किंवा बाभळीची दांतवणाची काडी माणसास उत्तम, कुत्र्यास देऊं नये. तो ती चघळत नाहीं, मोडतो, आणि तिच्या कुसळ्या हिरडींत शिरतात.

दांत दुखतो म्हणून घरांतील कंबरदुखीची गोळी कुत्र्यास देणें हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो बंद झाला पाहिजे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनीं चार-पांच किलोच्या कुत्र्याच्या आंतड्यांत रक्तस्राव होतो व मूत्रपिंडें जातात. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठीं वापर भारतांत २००६ सालीं बंद करण्यांत आला. हें औषध दिलेल्या गुरांचीं मढीं खाऊन गिधाडें मेलीं, हें त्याचें कारण होतें. माणसांसाठीं तें औषध चालू राहिल्यामुळें घराघरांत सांपडतें, आणि कुत्र्याच्या तोंडांत जातें.

अन्नाविषयीं एक गैरसमज असा कीं, भाकरीचा तुकडा किंवा हाड चावलें म्हणजे दांत आपोआप घांसले जातात. दूध-भात, डाळ-भात व दुधांत बुडविलेलीं बिस्किटें हीं दांतांस चिकटून राहतात, यांत शंका नाहीं. परंतु त्यावर उपाय म्हणून हाड देणें हें दुसऱ्या टोकाचें अविचारी कृत्य होय. शिजविलेलें हाड फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या घशांत व आंतड्यांत रुततात. कच्चें कडक हाड, शिंगाचा किंवा खुराचा तुकडा यांनीं वरची मोठी दाढ उभी चिरते. वर सांगितलेल्या कुत्रीस बोकडाच्या नळीची संवय होती. साधी कसोटी अशी कीं, ज्या वस्तूंत आपल्या अंगठ्याचें नख रुतत नाहीं ती कुत्र्यास चावावयास देऊं नये. दांत साफ राखण्यासाठीं मुद्दाम बनविलेल्या चघळण्याच्या कांड्या दुकानांत मिळतात. त्यांनीं थोडा उपयोग होतो, पण त्या घांसण्याची जागा घेत नाहींत, व लहान कुत्रें त्यांनींच लठ्ठ होतें.

एकदां चढलेलें कीटण ब्रशनें निघत नाहीं. तें पशुवैद्याकडूनच काढविलें पाहिजे, आणि त्यासाठीं कुत्र्यास पूर्ण भूल द्यावी लागते. भूल म्हटली कीं मालक घाबरतात व "भूल न देतां खरवडून देतों" म्हणणाऱ्याकडे जातात. त्यांत दांत वरून पांढरे दिसतात, पण रोग हिरडीखालीं असतो व तो तसाच राहतो. वर धडपडणाऱ्या कुत्र्याच्या हिरडीस लोखंड लागतें तें निराळेंच. भुलेखालीं श्वासनळींत नळी घालतात, म्हणजे पाणी व मळ फुफ्फुसांत जात नाहीं; मग हिरडीखालील कीटण काढतां येतें, क्ष-किरणांनीं मुळें पाहतां येतात, आणि वांचण्यासारखा नसलेला दांत काढतां येतो. आधीं रक्त तपासावें, व उपाशी किती वेळ ठेवावयाचें तें विचारून घ्यावें. फार लहान किंवा मधुमेही कुत्र्यास रात्रभर उपाशी ठेवणें घातक होऊं शकतें. दांत काढल्यावर कुत्रें खाणार कसें, ही काळजी अनाठायीं आहे. सारे दांत गेलेलीं कुत्रींहि मऊ अन्न खाऊन सुखानें राहतात; दुखऱ्या दांतापेक्षां मोकळी हिरडी बरी.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुरांसाठीं आहे. दांतांचीं यंत्रें प्रत्येक ठिकाणीं असतीलच असें नाहीं. पण तोंड पाहून काय करावें तें सांगण्यास तेथील डॉक्टर समर्थ असतात, म्हणून प्रथम तेथेंच दाखवावें. पुढें जाण्याची वेळ आलीच तर मुंबईंत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचा जनावरांचा जुना दवाखाना व त्याच आवारांतील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हें महाविद्यालय १८८६ सालीं सुरू झालें. भिवपुरी रोड स्टेशनावरून मध्य रेल्वेनें तिकडे जातां येतें. निघण्यापूर्वीं वेळ ठरवून घ्यावी व कुत्र्याच्या लसींचा कागद बरोबर न्यावा.

बंगल्यावरील कुत्रें सांभाळणारांस एक सूचना करावीशी वाटते. कुत्रें दुसऱ्याचें, खर्च दुसऱ्याचा, आणि भूल देण्यास संमति द्यावयाची तीहि मालकानेंच. म्हणून दुर्गंधी, रक्त किंवा हलता दांत दिसला कीं त्याच दिवशीं मालकास कळवावें, व कळविल्याची तारीख वहींत टिपून ठेवावी. फोनमध्यें दांतांचें छायाचित्र काढून पाठविलें तर मुंबईस बसलेला मालक तें तेथील डॉक्टरास दाखवूं शकतो. हें सारें मृगापूर्वीं उरकावें हें बरें. एकदां लावणी लागली कीं तीन आठवडे कोणास कुत्र्याच्या तोंडाकडे पाहण्यास फुरसत नसते, आणि तेवढ्यांत हिरडीखालचें काम चालूच राहतें.